प्रौढांसाठी लैंगिक शिक्षणाचं सत्र: प्रात्यक्षिक कुठवर करावं, आणि गदारोळ नेमका कशावरून होतो?

उंबरठा (धागा)

अठरा वर्षांवरील लोकांसाठी लैंगिक शिक्षणाचं एक सत्र बसवायचं आहे. वेळ तीन तास, मध्ये पंधरा मिनिटांची सुट्टी. चोवीसेक जण, स्त्री-पुरुष एकत्र. काही विवाहित, काही अविवाहित, चार-पाच जण पन्नाशीपुढचे. सत्र घेणारे दोघे, एक स्त्री आणि एक पुरुष.

शाळेतल्या मुलांसाठी केलेलं साहित्य इथे कामाचं नाही. मोठ्यांना बीजांड-शुक्राणू माहीत असतात. त्यांना विचारायचं असतं ते वेगळंच: दुखतं ते का, किती वेळ टिकलं म्हणजे ठीक, इच्छा कुठे गेली, गोळी कधीपर्यंत चालते. माझे प्रश्न:

१. शरीररचना शिकवताना चित्रं, प्रतिकृती की छायाचित्रं? कोणत्या क्रमाने?
२. कंडोमच्या प्रात्यक्षिकात सहसा काय राहून जातं?
३. आयोजकांपैकी एकाचं म्हणणं आहे की सगळे सज्ञान आहेत, तर लैंगिक साधनांचं जिवंत प्रात्यक्षिक दाखवायला हरकत नसावी. मला ते पटत नाही, पण 'बरं दिसत नाही' यापलीकडे मुद्दा सुचत नाहीये.
४. अशा सत्रांवरून बाहेर वाद पेटतात ते नेमके कशामुळे? जुन्या प्रकरणांतून काही शिकण्यासारखं आहे का?

नैतिक-अनैतिकची चर्चा या धाग्यावर नको, कृपया. तिच्यासाठी वेगळे धागे आहेत आणि ते भरपूर लांब आहेत.

---

लंबक

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो.

क्रम असा: रेखाचित्रं, मग प्रतिकृती, शेवटी छायाचित्रं. छायाचित्रं सुट्टीच्या लगेच नंतर ठेवा आणि सुट्टी होण्याआधीच सांगून टाका की 'परत आल्यावर पहिली दहा मिनिटं खऱ्या शरीराची छायाचित्रं आहेत'. ज्याला बघायची नाहीत तो दहा मिनिटं उशिरा येतो आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही. मध्येच 'ज्यांना नको त्यांनी बाहेर जा' म्हणालात तर कुणीही उठत नाही, कारण चोवीस जणांसमोर उठणं हीच एक कबुली होते. पडदा दारातून दिसणार नाही अशा भिंतीवर हवा. हे क्षुल्लक वाटतं, पण जाता-येता कुणी तरी काढलेला फोटो हाच पुढे पुरावा म्हणून फिरतो.

छायाचित्रं एकाच शरीराची नकोत. आठ-दहा वेगवेगळ्या शरीरांची, वेगवेगळ्या वयांची, शेजारीशेजारी हवीत. भगोष्ठ लांब असणं, दोन बाजू सारख्या नसणं, रंग गडद असणं, एक वृषण दुसऱ्यापेक्षा खाली असणं, शिश्नाला थोडा बाक असणं हे सगळं सामान्य आहे. हे शब्दांत सांगून पटत नाही, दहा चित्रं एकत्र पाहिली की पटतं.

प्रतिकृती शिश्निकेची (क्लिटोरिसची) जरूर करा. बहुतेक तक्त्यांवर तिचं फक्त बाहेर दिसणारं टोक असतं. खरं तर आत दोन्ही बाजूंना जाणारे पाय आणि योनीमुखाच्या कडेचे फुगीर भाग धरून ती नऊएक सेंटिमीटरची रचना आहे. ऑस्ट्रेलियन मूत्रशल्यचिकित्सक हेलन ओ'कॉनेल यांनी १९९८ साली शवविच्छेदनावरून आणि २००५ च्या सुमारास एमआरआयवरून हे नीट मांडलं. मुलांच्या खेळण्यातल्या मातीची खऱ्या मापाची प्रतिकृती अर्ध्या तासात होते. ती हातात आली की 'नुसत्या संभोगाने काहीच होत नाही, माझ्यात दोष आहे का' या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळालेलं असतं.

योनीपटलावर (हायमेनवर) पाच मिनिटं द्या. ते झाकण नाही, कडेची लवचिक घडी आहे. आकार जन्मापासून वेगवेगळा असतो, पहिल्या संभोगात रक्त येईलच असं नाही, आणि तपासणीवरून संभोग झाला की नाही हे कुणालाही सांगता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने इतर दोन संयुक्त राष्ट्र संस्थांबरोबर ऑक्टोबर २०१८ मध्ये कौमार्य चाचण्या बंद करण्याचं आवाहन केलं ते याच कारणाने.

आकडे लागतीलच, कारण विचारले जातातच. २०१५ साली पंधरा हजारांहून अधिक पुरुषांच्या शिश्नाच्या मापांचं एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झालं. मापं आरोग्य कर्मचाऱ्यांनी घेतलेली होती, पुरुषांनी स्वतः सांगितलेली नव्हती. ताठरतेत सरासरी लांबी १३.१२ सेंमी. वेळेबद्दल: २००५ च्या पाच देशांतल्या, स्टॉपवॉच लावून केलेल्या अभ्यासात योनीप्रवेशापासून वीर्यपतनापर्यंतचा मध्यक (निम्मे याच्या खाली, निम्मे वर) ५.४ मिनिटं आला, आणि पल्ला अर्ध्या मिनिटापासून ४४ मिनिटांपर्यंत. पल्ला सांगितल्याशिवाय मध्यक सांगू नका. नाही तर साडेचार मिनिटंवाला माणूस नवी चिंता घेऊन घरी जातो.

---

टाचणी

कंडोमबद्दल. प्रात्यक्षिक लाकडी किंवा प्लास्टिकच्या शिश्न-प्रतिकृतीवरच करा. बोटावर, अंगठ्यावर किंवा काठीवर दाखवलं तर लोक तेवढंच शब्दशः उचलतात.

पायऱ्या सर्वांना माहीत असल्यासारख्या वाटतात, म्हणून कुठे चुकतं तेच सांगते.

पाकीट उघडण्याआधी दोन गोष्टी: मुदतीची तारीख, आणि बोटाने दाबून आत हवा आहे का ते. हवा नसेल तर पाकिटाला भोक आहे. कंडोम आधी एका बाजूला सरकवून मगच पाकीट फाडायचं, दात-कात्री नाही. पैशांच्या पाकिटात महिनोन्‌महिने ठेवलेला कंडोम उष्णतेने आणि घासण्याने कमजोर झालेला असतो.

सगळ्यात जास्त राहून जाणारी गोष्ट: गुंडाळी उलटी लागली तर. खाली उलगडत नाही म्हटल्यावर लोक तोच उलटवून पुन्हा लावतात. टोकावर पूर्वस्रावाचा ओलावा लागलेला असतो, तो आता बाहेरच्या बाजूला आला. तो टाकून नवा घ्यायचा. म्हणून प्रात्यक्षिकात मुद्दाम एकदा उलटा लावून दाखवा.

टोक चिमटीत धरून हवा काढायची, मुळापर्यंत उलगडायचा. स्खलनानंतर ताठरता जाण्याआधी, मुळाशी कंडोम धरून बाहेर यायचं. 'घसरला' आणि 'आत राहिला' या तक्रारी बहुतेक इथल्या असतात. गाठ मारून कागदात गुंडाळून कचऱ्यात. शौचकूपात टाकला तर नळी तुंबते.

दोन कंडोम एकावर एक नाही. पुरुषांचा आणि स्त्रियांचा एकत्र नाही. घर्षणाने सरकतात, फाटतात.

माप: पाकिटावर 'नाममात्र रुंदी' मिलिमीटरमध्ये छापलेली असते. नेहमीचा ५२ ते ५४, अरुंद ४९च्या आसपास, रुंद ५६च्या पुढे. फार घट्ट असेल तर ताठरता जाते आणि माणूस कंडोमलाच दोष देतो. सैल असेल तर घसरतो. लांबीवरून कुणी निवडू नये, ती सगळ्यांना पुरते.

तेल: कुठलंही तेल, व्हॅसलीन, अंगाला लावायचं लोशन लॅटेक्सला कुजवतं. हे सांगून कुणी ऐकत नाही, म्हणून दाखवा. दोन कंडोम फुग्यासारखे फुगवून गाठ मारा, एकाला तेल चोळा, एकाला पाण्यावर आधारित वंगण. तेलाचा काही मिनिटांत फुटतो. फुटेपर्यंत बोलत राहा, बघत बसू नका. आवाज झाला की मुद्दा सगळ्यांना कळलेला असतो. पाण्यावर आधारित आणि सिलिकॉनचं वंगण दोन्ही लॅटेक्सला चालतात.

परिणामकारकता सांगताना दोन्ही आकडे द्या: अचूक वापरात वर्षाला शंभरातल्या २ जणींना गर्भ राहतो, प्रत्यक्षातल्या सरासरी वापरात १३ जणींना. मधला फरक वर लिहिलेल्या चुकांचा, आणि 'आज एक दिवस राहू दे'चा.

---

जुनी खतावणी

चौथा प्रश्न. माझ्या मते प्रकरणं दोन जातींची आहेत, आणि त्यांची गल्लत केली की चुकीची खबरदारी घेतली जाते.

पहिली जात छापील मजकुराची. १८७७ साली लंडनमध्ये चार्ल्स ब्रॅडलॉ आणि अ‍ॅनी बेझंट यांच्यावर खटला झाला, कारण त्यांनी अमेरिकन डॉक्टर चार्ल्स नोल्टन यांची संततिनियमनावरची जुनी पुस्तिका पुन्हा छापली. शिक्षा झाली, ती पुढच्या वर्षी अपिलात तांत्रिक कारणाने रद्द झाली: आरोपपत्रात आक्षेपार्ह शब्द कोणते ते लिहिलंच नव्हतं. खरी चीड होती ती पुस्तिका सहा पेन्सला, म्हणजे कुणालाही परवडेल अशी मिळत होती याची. खटल्याने तिचा खप कैक पटींनी वाढला हे वेगळं.

आपल्याकडचं रघुनाथ धोंडो कर्व्यांचं प्रकरण सगळ्यांना माहीत आहे, पण तपशील विसरला जातो. 'समाजस्वास्थ्य' १९२७ पासून निघत होतं. १९३४ चा खटला लेखावरून नव्हता, वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून होता. त्यात हस्तमैथुन आणि समलिंगी संबंधांबद्दलचे प्रश्न होते. वकील बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, २०० रुपये दंड झाला, आणि मासिक कर्व्यांच्या मृत्यूपर्यंत, १९५३ पर्यंत चालूच राहिलं.

दुसरी जात खोलीत घडलेल्या गोष्टींची. डिसेंबर १९९४ मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरल (सार्वजनिक आरोग्याच्या प्रमुख सरकारी प्रवक्त्या) जॉयसेलिन एल्डर्स यांना एड्सवरच्या परिषदेत श्रोत्यांमधून हस्तमैथुनाबद्दल प्रश्न आला. तो मानवी लैंगिकतेचा भाग आहे आणि शिकवण्यात त्याला जागा असावी, अशा अर्थाचं त्या बोलल्या. काही दिवसांतच राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी राजीनामा मागितला. दुसरं तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचंच आहे: फेब्रुवारी २०११, नॉर्थवेस्टर्न विद्यापीठ, मायकेल बेली यांचा मानवी लैंगिकतेचा अभ्यासक्रम. तास संपल्यावर, ऐच्छिक म्हणून, शंभराहून अधिक विद्यार्थ्यांसमोर एका जोडप्याने यांत्रिक साधनाचं जिवंत प्रात्यक्षिक केलं. बातमी जगभर गेली, विद्यापीठाच्या अध्यक्षांनी जाहीर नापसंती व्यक्त केली, पुढच्या वर्षी तो अभ्यासक्रम घेतला गेला नाही.

दोन्ही जाती एकत्र पाहिल्या तर दिसतं की चार्ट, प्रतिकृती, कंडोम यांवरून रान पेटल्याची प्रसिद्ध उदाहरणं कमी आहेत. पेटतं ते आयत्या वेळच्या प्रश्नोत्तरांवरून आणि आयत्या वेळच्या प्रात्यक्षिकावरून. पूर्वसूचना लेखी द्या, कार्यक्रमपत्रिका आधी पाठवा, बरंचसं टळतं.

---

उलटतपासणी

वरच्या निष्कर्षाशी अर्धाच सहमत. नॉर्थवेस्टर्नमध्ये पूर्वसूचना दिली होती. उघड दृश्य असेल, थांबणं ऐच्छिक आहे, हे विद्यार्थ्यांना सांगितलं होतं, आणि बसलेले सगळे स्वखुशीने बसले होते. तरी जे व्हायचं ते झालंच. पूर्वसूचना खोलीतल्या माणसाचं रक्षण करते. बाहेरच्या माणसासमोर आयोजकाला लागतं ते वेगळं: हा भाग कशासाठी होता याचं एका वाक्यातलं, आधी लिहून ठेवलेलं उत्तर. तिथे ते आधी ठरलेल्या कार्यक्रमात नव्हतंच, पाहुण्यांनी सुचवलं आणि होकार दिला गेला. मग उद्दिष्ट मागाहून शोधावं लागलं, आणि मागाहून शोधलेलं उद्दिष्ट तसंच ऐकू येतं.

आणि कर्व्यांच्या प्रकरणात सूचनेचा प्रश्नच नव्हता. तिथे उत्तर देणं हाच गुन्हा ठरला. तेव्हा 'नीट आयोजन केलं की वाद होत नाही' असं समजू नका. काही वाद ओढवून घ्यावे लागतात. फक्त ते हस्तमैथुनाबद्दल खरं उत्तर दिल्यावरून व्हावेत, खुर्च्या कशा मांडल्या यावरून नकोत.

आता तिसरा प्रश्न. जिवंत प्रात्यक्षिकाविरुद्धचा मुद्दा शालीनतेचा नाही, शिकण्याचा आहे. एका व्यक्तीचा प्रतिसाद दाखवला की तोच मापदंड होतो. बघणारे स्वतःची तुलना करतात, आणि लंबक यांनी दहा शरीरांची चित्रं दाखवून जे कमावलं ते इथे जातं. शिवाय करणाऱ्याची संमती त्या क्षणी खरोखर मागे घेता येईल का, हे शंभर डोळ्यांसमोर ठरत नाही.

साधनांबद्दल जे शिकण्यासारखं आहे ते सगळं साधन टेबलावर ठेवून शिकवता येतं. पदार्थ: सिलिकॉन, काच, स्टील सच्छिद्र नसतात, नीट धुता येतात. मऊ 'जेली'सारखे स्वस्त पदार्थ सच्छिद्र असतात, पूर्ण निर्जंतुक होत नाहीत, त्यांच्यावर कंडोम चढवून वापरावं. सिलिकॉनच्या साधनावर सिलिकॉनचं वंगण नको, पृष्ठभाग चिकट होऊन खराब होऊ शकतो. तिथे पाण्यावर आधारित. गुदद्वारासाठीच्या साधनाला बुडाशी रुंद कड असलीच पाहिजे. नसेल तर ते आत ओढलं जातं आणि काढायला रुग्णालय गाठावं लागतं. गुदद्वारातून योनीकडे नेताना कंडोम बदलायचा किंवा साधन धुवायचं. वीस मिनिटांत हे होतं, कुणालाही कपडे काढावे लागत नाहीत.

---

उंबरठा

उद्दिष्ट आधी लिहून ठेवण्याचा मुद्दा आयोजकांपुढे तसाच ठेवते. आता प्रश्नोत्तरांचीच धास्ती जास्त वाटायला लागली आहे. चिठ्ठ्या घ्यायच्या ठरवल्या आहेत. त्यात काय चुकतं? आणि पन्नाशीपुढच्यांसाठी कुणी लिहील का?

---

लंबक

चिठ्ठ्या सगळ्या एका मापाच्या, पेन्सिली सारख्या, आणि लिहायचं सगळ्यांनी. ज्याला प्रश्न नाही त्याने 'प्रश्न नाही' असं दोनदा लिहावं. कारण लिहिणारे चारच हात दिसले तर चिठ्ठी निनावी राहत नाही. सुरुवातीला एकदा आणि सुट्टीआधी एकदा गोळा करा. पहिल्या फेरीत लोक चाचपतात, खरे प्रश्न दुसऱ्या फेरीत येतात.

सुट्टीत दोघांनी बसून तीन ढीग करायचे: आत्ता उत्तर देण्याचे, एकत्र करून देण्याचे, मोठ्याने न वाचण्याचे. तिसऱ्या ढिगात ओळख पटेल असे, आणि बळजबरी किंवा मारहाण सुचवणारे. त्यांना नाव-खूण न घेता सगळ्यांसमोर मदतीचे मार्ग सांगायचे आणि सत्रानंतर दोघेही अर्धा तास तिथेच थांबणार असल्याचं सांगायचं. अक्षर ओळखलं तरी त्या व्यक्तीकडे बघायचं नाही. अवघड आहे, आधी ठरवून ठेवा.

किती खोलात जायचं याला प्लिसिट नावाची चार पायऱ्यांची मांडणी वापरतात, मानसशास्त्रज्ञ जॅक अ‍ॅनन यांची, १९७०च्या दशकातली. परवानगी, मोजकी माहिती, नेमक्या सूचना, सखोल उपचार. सत्र घेणाऱ्याने पहिल्या दोनवर थांबायचं. 'संभोगात दुखणं सामान्य समजून सोसायचं नसतं, त्याची ओटीपोटाच्या स्नायूंपासून जंतुसंसर्गापर्यंत अनेक कारणं आहेत आणि इलाज आहेत' ही दुसरी पायरी. 'तुम्ही अमुक व्यायाम करा' ही तिसरी, आणि ती धोक्याची. स्नायू आधीच ताठरलेले असतील तर आकुंचनाचे व्यायाम दुखणं वाढवतात. सैल सोडणं शिकावं लागतं, तेही तज्ज्ञाकडून.

स्वतःच्या लैंगिक आयुष्याबद्दल काहीही सांगायचं नाही, ना हो, ना नाही. 'प्रत्येकाने आपला अनुभव सांगा' अशी फेरी कधीही नको. भ्रमणध्वनी बंद करून टोपलीत, चित्रं किंवा सुटे कागद वाटायचे नाहीत. सुटा कागद संदर्भाशिवाय फिरतो.

---

मात्रा

पन्नाशीपुढच्यांबद्दल, थोडक्यात.

रजोनिवृत्तीनंतरचा कोरडेपणा हा इच्छा नसल्याचा पुरावा नाही, तो इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटल्याचा परिणाम आहे. तीन गोष्टी वेगळ्या सांगा: वंगण फक्त त्या वेळेपुरतं, योनीसाठीचं मॉइश्चरायझर आठवड्यातून दोन-तीनदा, संभोग असो-नसो, आणि तरी भागलं नाही तर डॉक्टरांच्या सल्ल्याने योनीत लावायचं इस्ट्रोजेन. पाळी थांबली म्हणून लगेच गर्भनिरोधन सोडायचं नाही. पन्नाशीनंतर शेवटच्या पाळीपासून एक वर्ष, पन्नाशीआधी थांबली असेल तर दोन वर्षं.

ताठरता कमी होणं हे हृदयविकाराचं लवकरचं लक्षण असू शकतं, कारण शिश्नाच्या रक्तवाहिन्या अरुंद असतात आणि त्रास तिथे आधी दिसतो. तेव्हा ताठरतेची गोळी घेण्याआधी रक्तदाब, साखर, हृदय तपासायचं. छातीदुखीसाठी नायट्रेट घेणाऱ्याने सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल (ताठरतेच्या या गोळ्या) घ्यायचंच नाही, रक्तदाब जिवावर बेतेल इतका कोसळू शकतो. उलटही सांगा: गोळी घेतली असेल आणि छातीत दुखू लागलं तर रुग्णालयात ते लाजून लपवायचं नाही. सिल्डेनाफिलनंतर २४ तास आणि टाडालाफिलनंतर ४८ तास नायट्रेट देत नाहीत. चार तासांहून जास्त टिकलेली ताठरता ही तातडीची बाब. आणि या गोळ्या इच्छा निर्माण करत नाहीत, उत्तेजना नसेल तर नुसती गोळी काही करत नाही. निम्म्या 'गोळी चालली नाही'च्या मागे मला तरी हेच कारण वाटतं.

नैराश्यावरच्या काही औषधांनी कामपूर्ती लांबते किंवा होत नाही. स्वतःहून औषध बंद करू नका, डॉक्टरांना सांगा, पर्याय असतात. हे वाक्य प्रत्येक सत्रात हवं, सगळ्या वयांसाठी.

---

टाचणी

'गोळी कधीपर्यंत', म्हणजे असुरक्षित संबंधानंतर गर्भ राहू नये म्हणून घ्यायची तातडीची गोळी, हे मूळ प्रश्नात होतं आणि राहून गेलं. खालचे तास-दिवस संबंधापासून मोजायचे. फलकावर एवढं लिहा:

लेव्होनॉरजेस्ट्रेल १.५ मिग्रॅ, एकच मात्रा, ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी बरी. युलिप्रिस्टल ३० मिग्रॅ, १२० तासांपर्यंत. तांब्याची तांबी पाच दिवसांच्या आत बसवली तर तिन्हींत सर्वांत खात्रीची. गोळ्या बीजांड बाहेर पडणं लांबवतात, राहिलेला गर्भ पाडत नाहीत. लेव्होनॉरजेस्ट्रेल घेतल्यावर दोन तासांत उलटी झाली तर पुन्हा घ्यावी लागते, युलिप्रिस्टलला तीन तास धरतात. रिफाम्पिसिनसारखी क्षयाची औषधं चालू असतील तर गोळीचा असर घटतो, तिथे तांबीच बरी. त्याच चक्रात पुन्हा असुरक्षित संबंध आला तर आधीची गोळी पुरत नाही. पाळी सात दिवसांहून जास्त लांबली तर गर्भचाचणी.

त्याच फलकावर, वेगळ्या रंगात: एचआयव्हीचा धोका वाटत असेल तर प्रतिबंधक औषधं ७२ तासांच्या आत सुरू करायची आणि २८ दिवस घ्यायची. हे ७२ आणि गोळीचे ७२ लोक एकच समजतात, म्हणून दोन रकाने करा.